कॉलेजच्या खोलीचं कलादालन: कोकणात प्रदर्शन आणि चित्रकाराची भेट कशी जमवावी

कोकणातल्या छोट्या कॉलेजात चित्रप्रदर्शन ठरलं की पहिली बैठक बहुतेक वेळा उद्घाटक कोण यावरच होते. दुसरी बैठक निमंत्रणपत्रिकेवर कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावर. चित्रं कुठे लागणार, कशावर लागणार आणि दुसऱ्या दिवसापासून ती बघायला कोण येणार, हे प्रश्न आदल्या रात्री सुताराबरोबर सुटतात. हा क्रम उलटा केला की निम्मं काम झालं. उद्घाटनाचा एक तास गेला तरी पुढचे दहा-पंधरा दिवस उरतात, आणि कलादालन खरं तेव्हा चालतं. हा लेख त्या दिवसांसाठी आहे. तुमच्याकडे स्वतंत्र दालन असो, ग्रंथालयाशेजारची रिकामी खोली असो नाहीतर दोन वर्गांमधली भिंत पाडून केलेला हॉल.

आधी खोलीची तब्येत बघा

आपल्याकडे चित्राचा पहिला शत्रू दमट हवा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर, कॅनव्हासच्या पाठीवर आणि माउंटबोर्डवर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ती नव्वदीच्या घरात सहज जाते. म्हणून पहिली खरेदी आर्द्रतामापक. छोटा डिजिटल मापक काही शे रुपयांत मिळतो. तो खोलीत ठेवा आणि सकाळ-दुपार आकडे वहीत लिहायचं काम एखाद्या विद्यार्थ्याला द्या. एका ऋतूचे आकडे हातात आले की कोणतं काम कधी लावता येईल याचा वाद मिटतो.

मग भिंती. बांधकाम जांभ्या चिऱ्याचं असेल तर पावसाळ्यानंतरही भिंत आतून ओली असते. हात लावून कोरडी वाटली तरी विश्वास ठेवू नका. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर त्या भिंतीवर कागदावरचं काम लावायचं नाही. बाकीच्या भिंतींवरही फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते.

चिऱ्यात खिळा धरत नाही हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी दर प्रदर्शनाला कोणीतरी हातोडी घेऊन उभा राहतोच, आणि गिलाव्याचा पोपडा खाली येतो. यावर कायमचा उपाय म्हणजे छताखाली सहा-आठ इंचांवर भिंतभर ॲल्युमिनियमची पट्टी किंवा पाइप एकदाच पक्का बसवून घेणं. त्यावरून तारा सोडायच्या आणि तारांना सरकते हूक लावायचे. पुढची कित्येक वर्षं भिंतीला भोक पडत नाही. हूक आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घ्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड एका मोसमात गंजतं आणि तांबूस ओघळ चित्राच्या कडेला उतरतो.

कसर, वाळवी आणि पाली यांचा बंदोबस्त सगळ्यांना सुचतो. कुंभारमाशीचा सुचत नाही. खिडकी उघडी राहिली तर फ्रेमच्या मागे, तार आणि पाटीच्या बेचक्यात, ती दोन-चार दिवसांत मातीचं घर करते. ते ओरबाडून काढू नका. पूर्ण सुकू द्या आणि लाकडी पट्टीच्या कडेने अलगद उचला. खिडक्यांना बारीक जाळी बसवली की हा प्रश्नच येत नाही.

तारीख ठरवताना

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांना सत्रपरीक्षांमधून मिळणारी सोयीची फट म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. हवाही तेव्हाच कोरडी. याच दिवसांत स्नेहसंमेलन, एनएसएसचं शिबिर आणि गावोगावच्या जत्रा असतात, म्हणून वर्षाच्या नियोजनात जूनमध्येच तारीख घालून टाका. सिंधुदुर्गात असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख जाहीर होईपर्यंत फेब्रुवारीतला कार्यक्रम पक्का करू नका. ती तारीख तिथीवर ठरत नाही, कौल लावून ठरते, आणि त्या आठवड्यात मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. गणपती आणि शिमग्याबद्दल सांगायलाच नको.

पावसाळ्यात दालन बंद ठेवायची गरज नाही. कागद आणि कॅनव्हास मात्र तेव्हा नको. शाडूची, भाजलेल्या मातीची, दगडाची, धातूची शिल्पं लावा, किंवा खराब झाल्यास पुन्हा काढता येतील अशा छायाचित्रांच्या प्रती.

कोणाचं काम लावायचं

इथे एक मत स्पष्ट मांडतो. मुंबईचा मोठा चित्रकार मिळत नाही म्हणून प्रदर्शन अडलं, ही सबब कोकणाला शोभत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाच्या चित्रांची एकेक पोथी असते, आणि एकेक चित्र समोर धरून गाऊन कथा सांगितली जाते. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे चित्रासमोर बसून चित्र करणाऱ्याचं बोलणं ऐकायची रीत आपल्याकडे कॉलेजं येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. कलाकाराशी संवाद ही बाहेरून आणलेली कल्पना आहे, असं वाटायचं कारण नाही.

सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बोलवा. दशावतारी गंजिफ्यात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. गोल आणि तळहातात मावणारी ही पानं भिंतीवर टांगली तर कोणाला काही दिसणार नाही. कमरेएवढ्या उंचीच्या टेबलावर काचेखाली मांडा, दोन-तीन भिंगं दोरीने बांधून ठेवा, आणि एक जुनापुराणा संच मोकळा ठेवून खेळायलाही द्या.

रत्नागिरी-राजापूरकडच्या कॉलेजांना कातळशिल्पांसारखा, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या आकृत्यांसारखा, विषय नाही. कोकणातल्या कातळशिल्पांची काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. फोटो फ्रेम करून लावले की ती सगळी एकाच मापाची दिसतात, आणि या शिल्पांची गंमत तर मापातच आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. दालनात फोटो लावा आणि बाहेर मैदानावर, खो-खोचं मैदान आखतो त्याच फक्कीने, दोऱ्या आणि खुंट्या घेऊन तो हत्ती पूर्ण मापात आखा. मुलं त्याच्या पोटातून चालत जातात तेव्हा मोठेपणा कळतो, फोटोतून कळत नाही. मूळ शिल्पावर मात्र खडू, पाणी किंवा कागद घासून ठसे घेणं, काहीही करायचं नाही. हे मुलांना आधीच निक्षून सांगा.

रायगडात असाल तर सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथली शिल्पं मागायला जाऊ नका. मुलांना घेऊन जा, दिवसभर रेखाटनं करून घ्या आणि त्या रेखाटनांचंच प्रदर्शन लावा. यात खर्च फक्त बसभाड्याचा.

दिवंगत चित्रकारांच्या कामाच्या प्रती लावायच्या असतील तर कॉपीराइटचा हिशोब करा. भारतात तो कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, म्हणजे तिथे अडचण नाही. पण सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचे हक्क २०२८ अखेरपर्यंत राहतात. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं जलरंगचित्र अनेकांना रविवर्म्याचंच वाटतं. निदान कोकणातल्या दालनात तरी त्या नावाची चूक होऊ देऊ नका.

पत्र, प्रवास, पैसे

कलाकाराला फोनवर विचारा, पण होकार आला की एक पानी पत्र पाठवा. त्यात किती कामं, कोणत्या तारखेला पोचायची आणि कधी परत जाणार, ने-आण कोणाच्या खर्चाने, नुकसान झाल्यास काय, फोटो कुठे वापरणार आणि मानधन किती हे सगळं असावं. मानधन शून्य असेल तर तेही लिहा. "आपल्या सवडीनुसार यथायोग्य सन्मान करू" या वाक्यामुळे दोन्ही बाजूंना जे अवघडलेपण येतं त्यापेक्षा आकडा बरा. पॅन आणि बँकेचे तपशील आधीच मागून घ्या. कार्यक्रम संपल्यावर पाहुण्याला ऑफिसच्या बाकावर व्हाउचरसाठी बसवणं हा आपल्या संस्थांमधला जुना रोग आहे.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळीच तिकीट काढा. रात्रभर प्रवास करून पहाटे उतरलेल्या माणसाला थेट व्यासपीठावर नेऊ नका. आंघोळ, चहा, नाश्ता आणि दालनात एकट्याने घालवायला एक तास द्या. आपली चित्रं कशी लागली आहेत हे कलाकाराला गर्दी नसताना बघायचं असतं.

चित्रं कुरिअरने येणार असतील तर काचेच्या फ्रेमा टाळायला सांगा; ॲक्रिलिक चालतं. काच असेलच तर त्यावर कागदी चिकटपट्टीचे फुलीसारखे पट्टे मारायला सांगा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. बबलरॅप थेट रंगावर यायला नको, त्याचे गोल ठसे उमटतात. मध्ये बटरपेपर हवा. कॅनव्हास गुंडाळून येत असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण रंग आत राहिला तर तो दबतो आणि उलगडताना तडकतो.

पार्सल उघडताना

लगेच उघडायचं नाही. थंड गाडीतून आलेलं खोकं दालनात एक दिवस तसंच ठेवा, नाहीतर काचेच्या आतून दव धरतं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून उघडा, एकाने हाताळायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. प्रत्येक कामाचा पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचा फोटो काढा. आधीपासूनचा ओरखडा असेल तर त्याच क्षणी कलाकाराला फोटो पाठवा. परत जाताना हाच फोटो दोन्हीकडचं मन स्वच्छ ठेवतो. खोकी आणि आतलं सगळं पॅकिंग नाव घालून जपून ठेवा. शिपायाने ते भंगारात दिलं की परतीच्या वेळी रडायची पाळी येते.

टांगणी

३० फुटांच्या भिंतीवर दोन फूट रुंदीची किती चित्रं लावाल? उत्साही मंडळ बारा म्हणेल. सात लावा. दोन चित्रांत दीड फूट ठेवलं तर चित्रं आणि मधल्या जागा मिळून २३ फूट होतात आणि दोन्ही टोकांना साडेतीन-साडेतीन फूट मोकळे राहतात. प्रत्येक चित्राला श्वास घ्यायला जागा मिळते आणि समोर दोन माणसं उभी राहू शकतात. उरलेली पाच चित्रं ठेवून द्या. विद्यार्थ्यांचं प्रदर्शन असेल तर प्रत्येकाचं एक तरी लागलंच पाहिजे असा आग्रह होतो. मग दोन फेऱ्या करा, आठवड्याने बदला.

उंची ठरवताना सगळ्या चित्रांचे वरचे काठ एका रेषेत आणू नका, मध्य एका रेषेत आणा. जमिनीपासून ५८ इंचांवर चित्राचा मध्य यावा. शाळेची मुलं जास्त येणार असतील तर ५४-५५ इंच चालेल. हुकाची उंची काढायचा हिशोब सोपा आहे: ५८ मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळवा आणि तार ताणल्यावर ती फ्रेमच्या वरच्या काठापासून जितकी खाली राहते तेवढे इंच वजा करा. २४ इंची फ्रेम असेल आणि तार तीन इंच खाली असेल तर ५८ अधिक १२ वजा ३, म्हणजे ६७ इंचांवर हूक. हे गणित एकदा फळ्यावर लिहून ठेवलं की दुसऱ्या वर्षाची मुलं तुम्हाला न विचारता भिंत लावतात.

क्रम ठरवताना आधी सगळी चित्रं भिंतीखाली जमिनीवर टेकवून ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. दारातून आत येताच समोर दिसणारी जागा सर्वांत चांगल्या चित्राला द्यायची असते, सर्वांत मोठ्या नव्हे.

उजेड

ट्यूबलाइट काचेत पांढऱ्या पट्टीसारखी दिसते आणि चित्र मागे राहतं. जमलं तर पट्टीवर सरकणारे एलईडी दिवे घ्या, रंग खरे दाखवणारे, म्हणजे खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेले. प्रकाश वरून तिरका, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशात पडू द्या. जलरंग, छापचित्रं, जुने फोटो यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास पुरतो, तेलरंगांना २०० पर्यंत चालतो. मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲप अगदी अचूक नसलं तरी अंदाज देतं. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवाच. समुद्राकडचं दुपारचं ऊन जलरंगातला गुलाबी काही आठवड्यांत खाऊन टाकतं.

वीज जाणार हे धरून चाला. निदान निम्मे दिवे इन्व्हर्टरवर घ्या.

चित्राशेजारची पाटी

कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, माप, वर्ष. एवढं मराठीत, १८-२० पॉइंटमध्ये, चित्राच्या उजवीकडे खाली. वर दोन-तीन ओळी लिहायच्या असतील तर त्या डोळ्यांना कामाला लावणाऱ्या असाव्यात. "कलावंताच्या अंतर्मनातील संवेदनांचा रंगरेषांतून झालेला उत्कट आविष्कार" हे कोणत्याही चित्राखाली चालतं, म्हणून कोणत्याच चित्राखाली लावू नये. त्याऐवजी असं बघा: "हा निळा पट्टा समुद्राचा नाही. पावसाळ्यात पडवीला बांधतात त्या निळ्या प्लॅस्टिकचा आहे. त्याची सावली भिंतीवर कुठे पडली आहे ते शोधा." दुसरी पाटी वाचलेला माणूस पुन्हा चित्राकडे वळतो.

चित्रकाराशी गप्पा

आता मुख्य गोष्ट. गप्पा सभागृहात नको, दालनातच घ्या. चाळीस खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा, बाकीच्यांना सतरंजीवर बसवा. कलाकाराच्या हाताच्या अंतरावर त्याची चित्रं असली की बोलणं आपोआप मुद्द्यावर राहतं. "इथे आधी एक झाड होतं, मी पुसलं" असं म्हणताना तो बोट त्याच जागी ठेवतो, आणि पुसलेल्या झाडाची धूसर रेघ सगळ्यांना दिसते. प्रोजेक्टरवर ते दिसत नाही.

वेळ सकाळी साडेअकराची. संध्याकाळी सहाला ठेवलेला कार्यक्रम शहरात चालतो. आपल्याकडे निम्म्या मुली पाचच्या एसटीने गावी जातात आणि त्यानंतर गाडी नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं, त्याच नेमक्या गैरहजर राहतात.

औपचारिकता कापा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, दोन मनोगतं, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांत तास-सव्वा तास जातो आणि मग पाहुण्यांना "वेळेअभावी थोडक्यात" बोलायची विनंती होते. शाल-श्रीफळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहाबरोबर द्या, फोटो तिथेच काढा. दालनात परिचय दोन मिनिटांचा. प्राचार्य आणि संस्थेचे अध्यक्ष नाराज होतील अशी भीती असते. त्यांना उद्घाटनाच्या दिवशी पुरेसा वेळ द्या आणि गप्पांच्या दिवशी श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसवा. बहुतेकांना ते आवडतं.

कलाकार अर्धा तास बोलेल आणि पुढचा अर्धा तास प्रश्नांचा असेल असं आधीच ठरवा. कित्येक चांगले चित्रकार भाषणाला घाबरतात. त्यांना सांगा, भाषण नकोच. तीन चित्रं निवडा, प्रत्येकाबद्दल दहा मिनिटं बोला, आणि एक न जमलेलं काम, रेखाटनांची वही आणि रोजची हत्यारं बरोबर आणा. घासून आखूड झालेला ब्रश हातोहात फिरला की मागची रांगही पुढे झुकते.

प्रश्नांची तयारी आदल्या दिवशी. दहा-बारा विद्यार्थ्यांना दालनात नेऊन प्रत्येकाला एक चित्र वाटून द्या आणि पंधरा मिनिटं फक्त बघायला लावा. मग प्रश्न लिहून घ्या. तयारी नसली की "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली" आणि "हे किती दिवसांत काढलं" हे दोनच येतात. बघून आलेली मुलगी विचारते, "या बाईचा एक पाय का रंगवला नाही?" या प्रश्नाने पुढची वीस मिनिटं निघतात.

कॉलर माईक मिळाला तर घ्या, कारण कलाकार चित्राकडे वळतो तेव्हा टेबलावरच्या माईकपासून आवाज तुटतो. रेकॉर्डिंगची परवानगी लेखी घ्या. पंखे मंद ठेवा, रेकॉर्डिंगमध्ये तेच सगळ्यात मोठे ऐकू येतात.

उरलेले दिवस

गावातल्या लोकांना कॉलेजचं फाटक ओलांडायला संकोच वाटतो. "आमका काय कळता त्यातला" म्हणून परत फिरतात. आठवडा बाजाराच्या दिवशी दालन दिवसभर उघडं ठेवा, फाटकावर मोठी पाटी लावा, रविवार सोडू नका. आत दोन विद्यार्थी कायम हवेत, आणि त्यांतला एक मालवणी किंवा गावची बोली मोकळेपणाने बोलणारा. त्याने माहिती सांगायची नाही, आधी विचारायचं: यात तुम्हाला काय दिसतं? होडीच्या चित्रासमोर उभा असलेला खलाशी दोर चुकीच्या बाजूला बांधलाय हे सांगतो आणि मग तासभर हलत नाही.

अभिप्रायाच्या वहीत "खूप छान, अप्रतिम" यापलीकडे काही येत नाही. वरती एकच प्रश्न छापून ठेवा: कोणत्या चित्रासमोर जास्त वेळ थांबलात आणि का? पुढच्या वर्षीची निवड करायला हीच वही लागते.

विक्री होणार असेल तर व्यवहार कलाकार आणि घेणारा यांच्यात थेट होऊ द्या. कॉलेजच्या पावतीपुस्तकात ती रक्कम आणलीत की लेखापरीक्षणाला उत्तरं देत बसाल.

उतरवताना

लावताना जितके हात होते तितकेच उतरवताना हवेत, आणि नेमके तेव्हाच ते नसतात. म्हणून विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र उतरवणी झाल्यावर द्या. पार्सल उघडतानाचे फोटो समोर ठेवून प्रत्येक काम तपासा, मूळ खोक्यात भरा, पोचल्याची लेखी पावती मागवा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलला लागणारे जिओटॅग फोटो, उपस्थितीच्या सह्या आणि अहवाल त्याच आठवड्यात पुरे करा. त्याच फोल्डरमध्ये भिंतीचा आराखडा, पाट्यांचा मजकूर, गप्पांचं रेकॉर्डिंग आणि आर्द्रतेची वहीही टाका, कारण प्रभारी शिक्षक बदलले की नव्या माणसाला हाच एक आधार असतो. तारांवरचे हूक मोजून डब्यात भरा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि किल्ली ग्रंथपालांकडे द्या.